आश्विनातलं शहर

२०११ च्या जनगणनेत तुळजापूरची लोकसंख्या ३४ हजारांच्या आसपास भरली. ती मोजणी फेब्रुवारीत झाली. आश्विनात झाली असती तर आकडा कुठल्या कुठं गेला असता. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंतचे पंधरा-सोळा दिवस बालाघाटाच्या कड्यावरचं हे गाव मोठं शहर होऊन जातं. नुसती गर्दी होते, एवढंच मला म्हणायचं नाही. गर्दी कुठंही होते आणि पांगते. इथं शहराची सगळी कामं चालू होतात. परक्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा मिळते, पहाटे चारला चहा मिळतो, एकाच दुकानात चार भाषांत भाव होतो, हरवलेलं पोर लाउडस्पीकरवरून आईपर्यंत पोचतं, आणि मध्यरात्री एकट्या चालणाऱ्या बाईकडं कुणी वळून पाहत नाही.

एरवी धाराशिव जिल्ह्यात असं शहर नाही. आठ तालुके, साडेसोळा लाख माणसं, आणि जिल्ह्याचं ठाणं असलेलं धाराशिव लाख-सव्वालाख वस्तीचं. मोठं शहर बघायचं तर इथला माणूस सोलापूरला जातो, पुण्याला जातो, जुन्या ओढीनं हैदराबादला जातो. पोरं भोसरीला, चाकणला, हडपसरला कामाला आहेत. शरद ऋतूत मात्र उलट होतं, आणि शहरच चालत जिल्ह्यात येतं. ते येतं कसं, राहतं कुठं, खातं काय आणि जातं कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. देवीच्या दर्शनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मला या रोजच्या कारभाराबद्दल लिहायचंय.

सुरुवात घटस्थापनेच्या आधीच होते. भाद्रपद वद्य अष्टमीला देवी सिंहासनावरून उतरते आणि पलंगावर निजते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती जागेवरून हलवता येते. वर्षात तीनदा तिला अशी निद्रा दिली जाते. नवरात्राआधीची घोर निद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधीची मोहनिद्रा. देवी झोपलेली असते त्याच दिवसांत गाव जागं व्हायला लागतं. मंडप उभे राहतात, दर्शनरांगेचे बांबू बांधले जातात, कुंकवाची पोती उतरतात, लॉजवाले गाद्या उन्हात घालतात. पावसाळाभर ओल धरलेल्या भिंतींना चुना लागतो.

मग ज्योती न्यायला पोरं येतात. मराठवाड्यात, सोलापुरात, सीमेपलीकडं बीदर-कलबुर्गीकडं गावागावांत नवरात्र मंडळं आहेत, आणि ज्योत तुळजापूरहूनच आणायची असते. घटस्थापनेच्या आदल्या एक-दोन दिवसांत टेम्पो, छोटे हत्ती, मोटारसायकली भरभरून पोरं येतात. अंगात मंडळाचं नाव छापलेला भगवा शर्ट, पायात काही नाही. मंदिरातून ज्योत पेटवून घेतली की पळत सुटायचं ते थेट गावापर्यंत. एक दमला की दुसरा हाती घेतो, मागं टेम्पोत तेलाचा डबा आणि बाकीची पोरं. रात्री लातूर रोडवर, नळदुर्ग रोडवर, बार्शी रोडवर उभं राहिलं तर अंधारातून एकामागून एक उजेड पळत येताना दिसतात, आणि “आई राजा उदे उदे” असा आवाज येऊन पुढं जातो. यातली बरीचशी पोरं शेतकऱ्यांची, बारावी झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे उठून पळायची सवय त्यांना असतेच, त्या एका रात्री मात्र पळण्याला अख्खं गाव वाट बघत असतं. हल्ली मागच्या टेम्पोवर मोठे भोंगे आलेत. त्या दणदणाटात ना संबळ ऐकू येतो ना पळणाऱ्याचा श्वास, आणि हे मला आवडत नाही. तो आवाज बंद व्हावा असं मनापासून वाटतं.

घरोघरी घट बसतात ते शेतातल्या मातीत. पत्रावळीवर माती, मातीत धान्य, वर घट, आणि रोज एक माळ. तरवडाची पिवळी फुलं, कारळाची फुलं, कुठं झेंडू. या भागात दिवस तारखेनं मोजत नाहीत, माळेनं मोजतात. “आज कितवी माळ?” असं विचारलं की समोरचा बोटं न मोजता सांगतो. घटात कुठलं धान्य जोमानं उगवलं यावरून रब्बीचा अंदाज बांधणारी म्हातारी माणसं अजून आहेत. बाहेर सोयाबीन काढणीला आलेलं असतं, तूर उभी असते, ज्वारीची पेरणी तोंडावर असते. म्हणजे कामाचा सगळ्यात मोठा रेटा आणि सगळ्यात मोठा सण एकाच पंधरवड्यात येतात. घरातली निम्मी माणसं रानात, निम्मी तुळजापूरच्या वाटेवर. मळणीयंत्राची पाळी आणि दर्शनाची पाळी यांचा मेळ घालणं हे शरदातलं खरं कौशल्य असतं आणि ते बहुधा घरातल्या बाईकडं असतं.

गावात आल्यावर लोक राहतात कुठं? लॉज आहेत, भक्तनिवास आहेत, पण शहराची खरी रात्र पुजाऱ्यांच्या घरांत जाते. भोपे, पाळीकर, उपाध्ये असे पुजाऱ्यांचे वर्ग आहेत, महंतांचे मठ आहेत आणि प्रत्येकाची सेवा ठरलेली आहे. भारतीबुवांच्या मठात देवी सारीपाट खेळायला येते अशी श्रद्धा आहे. भक्तांची घराणी आणि पुजाऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बांधलेली असतात. आजोबा ज्या वाड्यात उतरले त्याच वाड्यात नातू उतरतो, आता वाड्याच्या जागी तीनमजली इमारत असली तरी. घरातल्या लोकांनी आपल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, स्वतः गच्चीवर किंवा जिन्याखाली सरकायचं, शाळेच्या पोरांनी त्या गोंगाटात अभ्यास करायचा. सहामाही परीक्षा याच सुमाराला येते. तुळजापुरात वाढलेल्या माणसाला गोंगाटात लक्ष लावता येतं, ते याच सवयीमुळं असावं.

पुजाऱ्यांच्या घरी भाषेची अडचण येत नाही. कर्नाटकातून येणाऱ्यांशी ते कानडीत बोलतात, तेलंगणातून येणाऱ्यांशी तेलुगूत वा दखनीत भागवतात. बांगड्यांच्या दुकानातही तेच. सोलापूरच्या पद्मशाली विणकर घरातली बाई तेलुगूत भाव करते, विजापूरकडची कानडीत, बीडची आपल्या मराठीत, आणि दुकानदार तिघींचे हात एकामागून एक हातात घेऊन चुडा भरत असतो. खण, नारळ, हळद-कुंकू, कवड्यांची माळ, परडी, पोत. या वस्तूंच्या ओळीत आता प्लास्टिकची खेळणी आणि मोबाइलची कव्हरंही आली आहेत. पण कवड्यांच्या दुकानापाशी लोक अजून थांबतात, माळ हातात घेऊन कवडी कवडी तपासतात. ज्यांनी आराधीपण घेतलंय त्यांच्यासाठी ती शोभेची वस्तू नाही. मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागताना ती गळ्यात असते, आणि फुटकी कवडी चालत नाही.

मंदिर दरीत आहे. राजे शहाजी महाद्वारातून किंवा राजमाता जिजाऊ महाद्वारातून पायऱ्या उतरत खाली जावं लागतं. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग निंबाळकर दरवाजा. एवढ्याशा जागेत इतकी माणसं रोज कशी मावतात, हे पहिल्यांदा येणाऱ्याला कळत नाही. कारभार श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानाकडं आहे आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. मूळ नियम निजामाच्या काळातले. १९०९ ची ‘देऊळ-ए-कवायत’ हे नाव पुजाऱ्यांच्या आणि वकिलांच्या तोंडी आजही आहे. हा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, उस्मानाबाद हे नाव शेवटच्या निजामाच्या नावावरून पडलं होतं, आणि २०२३ मध्ये शहराचं व जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. राजवटी बदलल्या, मानपान आणि पाळ्या मात्र टिकून राहिल्या. कुणी कुठल्या वेळी काय आणायचं, कुणी कुठं उभं राहायचं, हे ठरलेलं असल्यामुळंच दरीतल्या त्या अंगणात चेंगराचेंगरी न होता लाखो माणसं सरकत राहतात. पोलीस, होमगार्ड, कॅमेरे हे त्यावरचं नवं आवरण.

नवरात्रात देवीच्या अलंकार पूजा बांधल्या जातात. रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. भवानी तलवार अलंकारात देवी शिवछत्रपतींना तलवार देते आहे असा देखावा असतो, आणि त्या दिवशी रांगेत लहान मुलांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढलेली असते. रात्री छबिना निघतो. संबळ वाजतो, पोत नाचतात, आराध्यांचे मेळे अंगणात जागोजागी बसलेले असतात. इथं ऐकायला बसावं. गोंधळ्याला कार्यक्रमात पंधरा मिनिटं दिली की तो पंधरा मिनिटांचा गोंधळ करतो. इथं त्याला वेळेचं बंधन नसतं, म्हणून तो कथेत शिरतो, बाहेर येतो, समोरच्या म्हातारीची चेष्टा करतो, पुन्हा कथेत शिरतो. पुण्या-मुंबईत लोककलेचे महोत्सव होतात, तिकीट काढून मी ते पाहिलेले आहेत. त्यांच्यापेक्षा मला हे अंगण जास्त शहरी वाटतं. ऐकणारे इतके वेगवेगळे आणि इतके जाणकार तिथं एका वेळी जमत नाहीत.

देवीचा पलंग आणि पालखी दरवर्षी नवी येते, आणि बाहेरून येते. पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तयार होतो, पालखीचा मान नगरजवळच्या बुऱ्हाणनगरचा. गावोगाव मुक्काम करत, लोकांच्या खांद्यावरून पलंग घाट उतरून पठारावर येतो. ज्या गावातून तो जातो तिथं बायका ओट्या घेऊन वाटेवर उभ्या राहतात. दसऱ्याच्या पहाटे, अजून अंधार असताना, सीमोल्लंघन होतं. मूर्तीला साड्यांचं दिंड गुंडाळतात, पालखीत ठेवतात, पिंपळाच्या पाराला प्रदक्षिणा होते आणि मग देवी नव्या पलंगावर निजते. त्या वेळी उधळल्या जाणाऱ्या कुंकवानं अंगणाची फरशी, पायऱ्या, पोलिसांचे गणवेश, पत्रकारांचे कॅमेरे सगळं एकाच रंगाचं होतं. नऊ दिवस युद्ध केलेल्या देवीला पौर्णिमेपर्यंत विश्रांती. पुणे, नगर, सोलापूर, धाराशिव अशा जिल्ह्यांनी वाटून घेतलेली ही जबाबदारी आहे. घोडेगावच्या सुताराचं घर आणि बुऱ्हाणनगरच्या तेल्याचं घर तुळजापूरच्या कारभारात तितकंच आतलं आहे जितकं महाद्वाराशेजारचं दुकान.

दसरा ते पौर्णिमा हे मधले दिवस मला फार आवडतात. रांग चालू असते पण आवाज खाली आलेला असतो. दुकानदार जेवायला घरी जातात. नारळाच्या शेंड्या आणि माळांचा ढीग उचलणाऱ्या सफाई कामगारांना श्वास घ्यायला फुरसत मिळते. त्यातल्या बऱ्याच बायका, भल्या पहाटे गाव झाडून, स्वच्छ करून ठेवतात म्हणून दिवसा त्याला शहर म्हणता येतं. मान्यवरांच्या यादीत यांचं नाव कधी वाचलेलं नाही. नवरात्रात मंदिराच्या पायऱ्यांवर पहाटे तीनला उभं राहून त्यांचं काम पाहावं, म्हणजे हा पसारा कुणाच्या कंबरेवर उभा आहे ते कळतं.

आणि मग पौर्णिमा.

सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ५२, चार पदरी. एरवी तिथं मालट्रका आणि खासगी बसगाड्यांची रांग असते. कोजागिरीच्या सुमारास हा रस्ता वाहनांना बंद होतो, वाहतूक दुसरीकडून वळवतात आणि अख्खा महामार्ग पायी चालणाऱ्यांना मोकळा दिला जातो. देशात अशा किती जागा असतील जिथं महामार्गावरून गाड्या काढून माणसांना वाट दिली जाते? मला हा निर्णय या प्रदेशाच्या सार्वजनिक जीवनातला सगळ्यात सुंदर निर्णय वाटतो, आणि तो दरवर्षी मुकाट्यानं घेतला जातो याचं विशेष वाटतं.

संध्याकाळी सोलापुरात रूपाभवानीच्या देवळापाशी माणसं जमू लागतात. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, हळद उतरलेली नवी जोडपी, नवस बोललेली म्हातारी माणसं. अक्कलकोट, इंडी, विजापूरकडून आधीच दोन-तीन दिवस चालत आलेले लोक त्यांना येऊन मिळतात. पायात चप्पल नाही. डोक्यावर गाठोडं असलं तर त्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक पांघरूण. तुळजापूर नाका ओलांडला की शहराचे दिवे मागं पडतात आणि चांदणं सुरू होतं. पाऊस उघडलेला, हवा धुतलेली, दिवसाचा उकाडा उतरलेला. शरदाची ही एक रात्र चालण्यासाठीच असावी इतकी नेमकी असते.

उळे, तामलवाडी, माळुंब्रा. गावं येत जातात आणि प्रत्येक गावानं, प्रत्येक मंडळानं रस्त्याकडेला काही ना काही मांडलेलं असतं. पोहे, उप्पीट, केळी, चहा, मसाला दूध, पाण्याच्या टाक्या. “या मावशी, बसा थोडं”, “काका, पाय दाखवा” असे आवाज दोन्ही बाजूंनी येत असतात. वैद्यकीय पथकं असतात, फोडांवर पट्ट्या बांधतात, पोटऱ्यांना मलम चोळतात. एखाद्या तरुणानं अनोळखी आजोबांचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळावं आणि आजोबांनी खुशाल डोळे मिटून घ्यावेत, हे त्या रस्त्यावर पावलोपावली दिसतं. वाढणारे लोक जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. पाणी वाटणाऱ्यांत मुसलमान पोरंही असतात आणि त्याचं कुणी कौतुक करत बसत नाही, ते तसंच असतं.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. रात्री दोन वाजता, महामार्गावर, बायकांचे जथे हसत, गाणी म्हणत, मध्येच रस्त्याच्या दुभाजकावर बसून पाय चोळत चाललेले असतात. त्यात सासवा आहेत, सुना आहेत, माहेरच्या मैत्रिणी आहेत, घरकाम करून थेट निघालेल्या आहेत. वर्षातल्या बाकीच्या रात्री यातल्या कित्येकींना अंधार पडल्यावर गल्लीच्या टोकाला जायचं तरी कारण सांगावं लागतं. आज कुणी कारण विचारत नाही, आईकडं चालल्यात एवढं पुरतं. मोठ्या शहराची मोकळीक म्हणतात ती हीच असेल तर ती इथं शेकडो वर्षांपासून, वर्षातून एका रात्रीपुरती का होईना, बायकांनी मिळवून ठेवलेली आहे. तेवढीच का, असा प्रश्न मला दरवेळी पडतो, आणि त्या चालणाऱ्या मुलींनाही पडत असणार.

पहाटेच्या सुमाराला घाट लागतो. सपाटीवरून आलेले पाय इथं बोलायला लागतात. वरून गावाचे दिवे दिसतात आणि जथ्यांतून उदो उदोचा आवाज वाढतो. सोलापूरहून मानाच्या काठ्या येतात, उंच, सजवलेल्या, नाचवत आणलेल्या. पौर्णिमेला देवी निद्रेतून उठून पुन्हा सिंहासनावर बसते, छबिना निघतो, काठ्या मंदिरात भिडतात. पण चालत आलेल्या सगळ्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता येतंच असं नाही. कितीतरी माणसं महाद्वारापाशी येतात, कळसाला हात जोडतात, पायरीवर डोकं टेकवतात आणि परत फिरतात. रात्रभर चालून फक्त कळस पाहिला याचं वाईट वाटल्याचं मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. पैसे भरून लवकर दर्शन मिळण्याचे पास आहेत, त्यावरून दरवर्षी वादही होतो. रस्त्यानं आलेल्यांना त्या वादाशी काही देणंघेणं नसतं. त्यांची यात्रा सोलापुरातल्या तुळजापूर नाक्यावरच सुरू होऊन घाटात जवळजवळ पुरी झालेली असते.

सकाळी परतीची घाई. एसटीच्या जादा गाड्या, कर्नाटकच्या बसगाड्या, खिडकीतून टाकलेले रुमाल. तुळजापूरला अजून रेल्वे नाही. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा ८४ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला जातो आहे, त्याचं भूमिपूजन २०१९ च्या जानेवारीत सोलापुरात झालं. रेल्वे आली की येणारे वाढतील, उतरायच्या जागा बदलतील, आणि पुजाऱ्यांच्या घरातल्या मुक्कामाऐवजी सकाळी येऊन संध्याकाळी परत असं पुष्कळांचं होईल. ती यायलाच हवी. म्हाताऱ्या माणसांचे बसगाड्यांमधले हाल पाहिले की त्यात शंका उरत नाही. चालणारे तरीही चालतील. मात्र विकासाचे आराखडे करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या शहराचा सगळ्यात मोठा रस्ता पायांचा आहे. वाहनतळाला जितकी जागा दिली जाते तितकी सावलीला, पाण्याला आणि बायकांच्या स्वच्छतागृहांना द्यायला हवी. पौर्णिमेच्या रात्री महामार्गावर सगळ्यात जास्त उणीव कशाची जाणवते असं कुणाही बाईला विचारलं तर ती पहिल्यांदा हेच सांगेल.

खरं तर या जिल्ह्याच्या मातीत मोठं शहर नवीन नाही. तेरणेकाठचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं, फार मोठं शहर, आणि तिथून कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदरापर्यंत जायचं. आज तेर हे गोरोबाकाकांचं शांत गाव आहे आणि त्या शहराची मातीची भांडी, मणी, हस्तिदंती काम तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. तुळजापूरला येणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ते पाहावं. तसंच नळदुर्गही. बोरी नदीवर १६१३ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला पाणीमहाल आहे, आणि पावसाळा चांगला झाला तर शरदात नर-मादीचे धबधबे भरून कोसळत असतात. कर्नाटकातले यात्रेकरू परतीच्या वाटेवर मुलाबाळांना घेऊन तिथं थांबतात, किल्ल्यात शिदोरी सोडतात.

पाऊस चांगला होणं आणि जास्त होणं यातलं अंतर मात्र २०२५ च्या शरदानं दाखवून दिलं. २२ सप्टेंबरला घट बसले. त्याच दिवसांत परंडा, भूम, कळंब, वाशी भागात अतिवृष्टी झाली, नद्यांचं पाणी गावांत शिरलं, माणसांना काढायला आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आणि लष्कराचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. सोयाबीन पाण्याखाली कुजलं, जनावरं वाहून गेली, कित्येक ठिकाणी पिकाखालची मातीही खरडून गेली. देवघरात घट हिरवा होत होता आणि रानात काही उरलं नव्हतं. अशा वेळी उत्सव करावा का, असा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्त होता. झगमगाट आवरायलाच हवा होता. पण लोकांनी यात्रा सोडली नाही, कारण त्यांच्या लेखी ती करमणूक नाही. घर वाहून गेलेला माणूस देवीपुढं उभा राहून काय बोलला असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. कोजागिरीला ६ ऑक्टोबरच्या रात्री रस्ता पुन्हा पायांनी भरला.

या भागाच्या शरदाला असा एक जुना घावही आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बोळवून दमून झोपले होते, पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना भूकंप झाला. लातूरचं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर, त्यांच्या आसपासची गावं जमीनदोस्त झाली. उमरगा-लोहारा भागात आजही गणपती बोळवायच्या रात्री म्हातारी माणसं उशिरापर्यंत जागी राहतात. तिथला सण वाजतगाजत होतो, पण त्यात आठवण असतेच. नवरात्र आलं की याच गावांतून तुळजापूरला चालत निघणाऱ्या बायका आहेत, आणि दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगात एकाच वेळी राहतात.

पुण्याहून येणाऱ्या पोरांकडं पुन्हा वळतो. दसऱ्याच्या आदल्या रात्री स्वारगेटवरून, हडपसरवरून गाड्या भरून निघतात. कंपनीत बारा-बारा तास काढणारी, खोलीत चौघे-पाचजण राहणारी ही पोरं वर्षभर मोठ्या शहरात असतात, पण त्या शहराचा सण त्यांना गर्दीच्या कडेनं पाहावा लागतो. गणपतीत लक्ष्मी रोडवर ती बघे असतात. तुळजापुरात त्यांचा हात लागतो. कुणी अन्नछत्रात वाढतो, कुणी काठी धरतो, कुणी ज्योत घेऊन पळतो, कुणी घरच्या सोयाबीनच्या राशीला बसून सकाळी दर्शनाला येतो. आईला ओटीचं सामान घेऊन देतो, बहिणीला बांगड्या भरतो, भूमकडच्या खव्याचे पेढे बांधून घेतो आणि रविवारी रात्री पुन्हा गाडीत बसतो. शहरात असणं आणि शहर चालवणं यातला फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही.

पौर्णिमा झाली की मंडप उतरतात, सोयाबीन बाजारात जातं, शाळांना सुट्ट्या लागतात. पण तुळजापूरचा शरद अजून संपलेला नसतो. दिवाळीच्या अमावास्येला काळभैरवाची भेंडोळी निघते. लांब दांड्याला तेलात भिजवलेले पलिते बांधतात, काळभैरवापुढं ते पेटवतात आणि तो जळता दांडा खांद्यावर घेऊन गावची तरुण पोरं टेकडीवरून देवीच्या मंदिरात आणि तिथून गल्ल्यांमधून धावत सुटतात. काशी आणि तुळजापूर एवढ्या दोनच ठिकाणी हे होतं असं इथले लोक सांगतात. काळभैरव या गावाचा कोतवाल, राखणदार. बाहेरची गर्दी त्या दिवशी फारशी नसते, लोक आपापल्या घरी लक्ष्मीपूजनात असतात, त्यामुळं ही रात्र गावाची स्वतःची. महिनाभर पाहुण्यांच्या सरबराईत असलेली माणसं घरातून बाहेर येतात, ओट्यांवर, गच्च्यांवर उभी राहतात, नव्या कपड्यांतली पोरं आईचा हात सोडून पुढं घुसायला बघतात, आणि ठिणग्या उडवत भेंडोळी समोरून निघून जाते. ज्यांना तुळजापूर त्याच्या घरच्या रूपात बघायचंय त्यांनी या दिवाळीत संध्याकाळी तिथं पोचावं. धाराशिवहून एसटीनं तासाभराच्या आत पोचता येतं, आणि त्या रात्री लॉजमध्ये खोली सहज मिळते.